पासष्ट पौंड, चहासकट

लँगपोर्टच्या हॉलमध्ये शनिवारी तीन वर्ग भरतात.
वरच्या मजल्यावर माग. त्यांची खटखट छतातून गळते.
शेजारच्या खोलीत चांदीच्या अंगठ्या,
डाक देणाऱ्या ज्योतीची बारीक फुसफुस.
आणि इथे, खाली, ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या
विलोच्या काड्या, आपल्या वाळुंजाच्या लांबच्या बहिणी,
जितके फूट लांब तितके दिवस भिजवलेल्या.
"घाई केलीत तर मोडतात," मेरियल म्हणते.

सुरुवातीला प्रत्येकानं सांगायचं, का आलो.
ग्लिनिसला नवऱ्यापासून सहा तास हवे होते.
बस चालवायचा तो डेंझिल, झटक्यानंतर
उजव्या हाताला पुन्हा हात शिकवतोय.
माझी पाळी आली. मी म्हटलं, दातांची डॉक्टर आहे,
दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बोटं,
म्हटलं काहीतरी नवीन करून बघावं.
सगळे हसले.
नवीन.

मेरियल सहा जाड काड्या घेते.
तिघींच्या पोटात चीर, तिघी त्यातून आरपार.
तळ असा क्रुसासारखा सुरू होतो.
ती दाखवायच्या आत
माझा डावा अंगठा जागेवर जाऊन बसलेला.
"आधी केलंय तुम्ही?"
नाही, म्हणते मी. आणि ते खरंच आहे.

बार्शीला आमच्या दारासमोर कळकांचा ढीग,
अप्पांच्या पायाच्या बोटांत धरलेली कामटी,
कोयता तिच्यावरून जायचा तो साय काढल्यासारखा.
सुपं, रोवळ्या, दुरड्या, परड्या,
लग्नसराईत झाल,
आणि अपरात्री कुणी ओट्याखालूनच हाक मारली
की काही न विचारता दोन लांब कळक बाजूला.
पाचवीत असताना मी एकदा कामटी उचलली.
मारलं नाही त्यांनी. हातातून घेतली, मोडली.
"हा हात पेनासाठी ठेवलाय."
मग माझ्या तळव्यातलं कुसळ सुईनं काढत बसले,
दिव्याखाली, कितीतरी वेळ.

चहाच्या वेळी मेरियल तिच्या आजोबांचं सांगते :
साली सोलायच्या दिवसांत शाळा रिकाम्या पडत,
मजुरी जुडीवर, बोटं कायम सुजलेली.
"गरीब होतो आम्ही," ती म्हणते आणि बिस्किट बुडवते.
मी ऐकते. विचारत नाही
त्यांच्या घरचं पाणी कुणी नाकारलं होतं का.
डेंझिलच्या हातून काडी सुटते. मी धरून ठेवते,
तो विणत जातो. एकीच्या मागून, एकीच्या पुढून, मागून.
खिडकीबाहेर पॅरेट नदी कुरणांत शिरलेली,
एक फाटक नुसतंच पाण्यात उभं,
कुंपण नाही, वाट नाही.

चार वाजता माझी टोपली एका अंगावर कललेली.
अंडी राहतील. बटाटे नाही.
फोटो काढला. पाठवू की नको करत
टाँटनपर्यंत गाडी चालवली,
दाराशी इंजिन बंद केलं आणि पाठवला.

तिकडे रात्रीचे साडेदहा. निळ्या खुणा लगेच.
मग बराच वेळ काही नाही.
मग : "किती घेतले?"
वीस, मी लिहिलं.
"लुटलं."
मी दार उघडतेय तोवर आवाजातला निरोप,
आधी खोकला, मग :
"काठ सैल आहे. ओल गेली की आणखी सुटेल.
उलट्या हातानं आवळून घे."
थोडी शांतता. आईचं काहीतरी लांबून.
"आणि अंगठा आत ठेव.
अगं, आत."